चार संचांतले दोन

"सोड! हात काढ त्याच्यावरून! कवया हाये तो घड, कवया!"

नाना इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या शेतातले बगळे उडाले ते थेट तापी ओलांडून भुसावळच्या यार्डात मालगाडीवर जाऊन बसले. मी पाहिलं नाही, पण नानांचा आवाज माहीत असलेल्या कुणालाही विचारा. माझ्या एका हातात कोयता, दुसऱ्या हातात केळीचा घड, आणि चेहऱ्यावर शिकलेल्या माणसाचा असतो तसला आत्मविश्वास.

"नाना, रांगेत पुढचा हाच आला म्हणून कापत होते."

"रांगेत तर तू बी उभी हाये. तुले कापू का?"

टोळीतली सगळी माणसं हसली. नाना म्हणजे आमच्या फैजपूरकडच्या बागेत केळी कापायला येणाऱ्या टोळीचे मुकादम. त्या दिवशी एक माणूस कमी होता, म्हणून आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला कोयता देऊन पाठवलं होतं. खरं कारण वेगळं होतं. मी घरात पुस्तकं उघडून पंख्याकडे बघत बसायचे आणि आबांना पंख्याची काळजी वाटायला लागली होती.

पुस्तकं होती मोठ्या बिझनेस स्कूलच्या प्रवेश परीक्षेची. दोनदा दिली, दोनदा आपटले. आबांनी जेवताना, भाकरीचा तुकडाही न थांबवता, निकाल सांगून टाकला होता: "आता तिसऱ्यांदा दे. कॉलेजांचं बोलावणं आलं तर जा, मी अडवणार नाही. नाही आलं तर आपल्या ठिबकच्या नळ्यांच्या दुकानात बस, आणि मग त्या परीक्षेचं नाव काढायचं नाही." दुकान वाईट नव्हतं. पण मला कंपन्या चालवायच्या होत्या, आणि तिथे दिवसभर माणसं "बारा एमएमची की सोळाची?" एवढंच विचारायची.

दोनदा आपटण्याचं कारण मला त्या दिवशी बागेत कळलं. मी पेपर कापसासारखा सोडवत होते. लहानपणी वेचणीला जायचे तेव्हा आजूबाजूच्या बायांनी एकच धडा दिला होता: ओळ धरली की सोडायची नाही. बोंड छोटं असो, किडकं असो, पुढे जात राहायचं. मधली ओळ टाकून दुसरीत घुसणारीला बाया दिवसभर टोमणे मारायच्या. तो धडा माझ्या हाडात इतका मुरला होता की परीक्षेत पहिल्या प्रश्नाला धरलं की तो सुटेपर्यंत मी हलायचे नाही. एकदा तर एका टाकीत पाणी भरणाऱ्या दोन नळांपाशी मी एवढा वेळ बसले की खरी टाकी असती तर भरून वाहून अख्खी गल्ली बुडाली असती.

नानांची रीत उलटी. कोयता कमरेला, हात रिकामे. आधी सगळी बाग फिरायची. प्रत्येक घडाच्या मधल्या फळावरून अंगठा फिरवायचा. फळाच्या कडा अंगठ्याला टोचल्या तर घड कोवळा, नानांच्या बोलीत कवया. कडा बुजून फळ गोल झालं असेल तर तयार. तयार घडाच्या खोडावर गेरूचं एक बोट. सगळी फेरी झाली की मगच कोयता, आणि तोही फक्त गेरू लागलेल्या झाडाला. बाकीचं पुढच्या फेरीला.

"आणि चुकून कोवळा कापला तर?" मी विचारलं.

"गाडीवाला घेत नाही. घड बी गेला, झाड बी गेलं, येळ बी गेला."

मी तिथेच कोयता खाली ठेवला. एक चूक, तीन नुकसानं. आमच्या पेपरात चुकीच्या उत्तराला गुण कापतात, वेळ जातो आणि पुढचा सोपा प्रश्न राहून जातो. नानांनी ती परीक्षा काढली असावी असा मला संशय आला.

त्या रात्रीपासून, नाही, रात्र कशाला, त्या दुपारपासूनच मी जुने पेपर पसरले आणि त्यांच्यावरून अंगठा फिरवायला लागले. तीन विभाग, प्रत्येकाला चाळीस मिनिटं. चाळीस मिनिटं संपली की तो विभाग बंद, परत मागे फिरणं नाही. उताऱ्यांच्या विभागात लेखक काय म्हणतो ते विचारलं तर तयार माल, लेखकाला काय वाटलं असेल ते विचारलं तर कोवळा. गणितात उत्तर टाइप करायच्या प्रश्नांना वजा गुण नाहीत, तिथे कोयता सैल सोडला तरी चालतो. आणि मधला विभाग, तर्काचा, तो तर उघड उघड केळीची बाग. एक माहितीचा दांडा, त्याला लटकलेले पाच-सहा प्रश्न. संच म्हणजे घड. कापला तर अख्खा, सोडला तर अख्खा. मी इतके पेपर चाचपले की माझ्या उजव्या अंगठ्याची रेषा पुसली गेली आणि रेशनच्या मशीनने मला ओळखायला नकार दिला. यातलं निदान मशीनचं तरी खरं आहे.

केंद्र धुळ्याला आलं. आबा सोबत आले, डब्यात शेवभाजी घेऊन. आत एसी असा की वाटाणे ठेवले असते तर वर्षभर टिकले असते. तर्काचा विभाग उघडला. चार संच. आजूबाजूला माऊसच्या टकटकीची गारपीट सुरू झाली आणि मी हात मांडीवर ठेवून बसले. नुसती वाचत. पर्यवेक्षक बाई धावत आल्या.

"कॉम्प्युटर बंद पडलाय का तुझा?"

"नाही मॅडम, बाग फिरतेय."

त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

पहिला संच सहा मित्रांचा, गोल टेबल, रंगीत टोप्या. वरून गुबगुबीत, पण पाचवी अट अंगठ्याला टोचली. सोडला. दुसरा, गोदामांतून ट्रक कुठे जातात त्याचा तक्ता. गोल, गच्च, तयार. तिसरा, स्पर्धेचे गुण. तयार. चौथ्याकडे मी नुसतं पाहिलं आणि त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी माफी मागून पुढे गेले.

दोन संच कापले, एकेक फळ मोजून. आणि सात मिनिटं उरली. आता सांगते, आयुष्यातली सर्वांत लांब सात मिनिटं ती. हात आपोआप टोप्यावाल्या मित्रांकडे सरकायला लागला. रिकामं कसं बसायचं? आबा बाहेर, दुकान फैजपूरला, तिसरी वेळ. हात माऊसवर पोचला तेव्हा कानात आवाज आला, तुले कापू का? मी हात मागे घेतला आणि त्या सात मिनिटांत कापलेलीच उत्तरं परत तपासली. त्यात एक चूक सापडली. ती सुधारली.

गेटबाहेर धुळ्याचा एक पठ्ठ्या, माझ्याच क्लासचा, दोन्ही हात वर करून नाचत होता. "सोपा शे! बठ्ठा पेपर सोपा शे!" सगळा पेपर सोपा, म्हणे. आबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी शेवभाजीकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी जळगावला, सोन्याच्या दुकानांच्या गल्लीतल्या आमच्या क्लासमध्ये पेपराची चिरफाड. आबा मुद्दाम मागच्या बाकावर येऊन बसले. सरांनी फळ्यावर तीन रकाने पाडले, सोपं, मध्यम, अवघड, आणि एकेकाला उभं करून विचारायला लागले. पठ्ठ्या म्हणाला, "चारही संच." टाळ्या. कुणी तीन, कुणी साडेतीन. अर्धा संच कसा कापतात ते नानांना विचारायला हवं.

"तू?"

"दोन."

"दोन? चारातले दोन? आणि उरलेला वेळ काय करत होतीस, स्वेटर विणत होतीस?"

"सर, दोन तयार होते. एक वरून सोपा दिसत होता पण आतून कोवळा. आणि चौथा कुणीच हात लावू नये असा. पेपर सोपा नव्हता, सोपा दिसत होता."

"ते तू ठरवणार?"

"कालच ठरवलं ना."

"मग आता दुकानात बसून ठरव," आबांची अट माहीत असलेले सर म्हणाले आणि वर्ग हसला.

आबा हसले नाहीत. जाताना त्यांनी पाट्या रंगवणाऱ्याकडे गाडी थांबवली. आठवड्याभरात आमच्या दुकानाच्या पाटीवर नावाखाली पिवळ्या रंगात दोन शब्द आले: 'आणि कन्या'. निकाल लागेपर्यंत मी त्या दोन शब्दांखाली बसून बारा आणि सोळा एमएम करत होते. नळ्या मोजताना सारखा एकच विचार, टोप्यावाले मित्र सुटले असते तर?

निकालाच्या दिवशी साइट अडकली. दुकानात शेतकरी बसलेला, मोबाइलवर चक्र फिरतंय, आणि तो म्हणतोय, "ताई, नळीचा कोपर देता का?" चक्र थांबलं. नव्व्याण्णव. पुढे दशांशचिन्ह, त्याच्याहीपुढे आकडे, म्हणजे शंभरातली नव्व्याण्णव पोरं माझ्या मागे. आणि तीन विभागांत सर्वांत वर तर्काचा विभाग. मी अशी ओरडले की शेतकऱ्याने नळी, पिशवी सगळं टाकून रस्ता गाठला. नंतर तो सांगत फिरला की दुकानात साप निघाला.

दोनच दिवसांत बोलावणी यायला लागली, एक नाही, चार! चार मोठी कॉलेजं, चारही मला मुलाखतीला बोलावतायत. सरांनी फोन केला. "मी वर्गात नेहमी सांगतो ना, निवडून सोडवा." मी म्हटलं, हो सर, अगदी. मग त्यांनी मला नव्या तुकडीपुढे उभं केलं आणि मी फळ्यावर तीन रकाने पाडले: कापा, थांबा, हात लावू नका. पठ्ठ्या पहिल्या बाकावर वही घेऊन. तो चारही संचांत घसरला होता. "अक्का," तो म्हणाला, "माले बी शिकाड."

आबांनी पाटी काही पुसली नाही. "राहू दे," म्हणाले, "सुट्टीत बसशील." पण त्या दिवशी ते गावभर फिरले आणि कुणीही नळीचं माप विचारलं की नव्व्याण्णव सांगत होते.

एका मुलाखतीनंतर प्रवेश पक्का झाला तेव्हा मी पेढे घेऊन बागेत गेले. नाना फेरीवर होते, हात रिकामे, अंगठा घडावर. मी त्यांना सगळं सांगितलं. पेपर कसा होता, एसी कसा होता, देशभरातली लाखो पोरं कशी ढसाढसा रडत बाहेर आली, सर कसे ओरडले आणि कसे फिरले. "आणि नाना, हे सगळं तुमच्यामुळे. चार घड होते, मी दोनच कापले. दोन तिथेच सोडून आले!"

नानांनी पेढा तोंडात टाकला, शेजारच्या खोडावर गेरूचं बोट ओढलं आणि बोट धोतराला पुसलं.

"मंग ते राह्यलेले दोन कापाले कधी जाशीन?"