वहिनीचा झोपेचा तास

आमची वहिनी शाळेची मुख्याध्यापिका, आणि तासाला झोपते. चेष्टा नाही करत मी. शुक्रवारचा शेवटचा तास, सातवीचा वर्ग, विषय मूल्यशिक्षण. वर्गात जायचं, चष्मा काढून टेबलावर ठेवायचा, "मी झोपते, वर्ग तुमच्या भरवशावर," म्हणायचं आणि हातांवर डोकं टेकायचं. झाला तास!

मी त्याच शाळेत चित्रकला शिकवते. शिक्षकांच्या खोलीत काय काय ऐकून घ्यावं लागतं ते माझं मला ठाऊक. एकदा तणतणत घरी येऊन तिला जाब विचारला, तर म्हणाली, "विश्वासावर भाषण दिलं की पोरं जांभया देतात. त्यापेक्षा जांभई मीच देते." घ्या!

तो तास मात्र बघण्यासारखा असायचा. पिवळसर ऊन बाकांवरून भिंतीकडे सरकत जायचं, पंखा संथ फिरायचा, खडूची धूळ उन्हात तरंगत राहायची. पोरं कुजबुजत चित्रं काढायची, कुणी खिडकीतून नुसतेच ढग बघत बसायचं. सगळा वर्ग पाण्याखाली असल्यासारखा वाटायचा. व्हरांड्यात उभ्या उभ्या मलाच पेंग यायची.

शेवटी गोष्ट संस्थेच्या अध्यक्षांच्या कानावर गेलीच. त्यांनी वहिनीला बोलावून सुनावलं, "येत्या शुक्रवारी मी वर्गात बसणार. तुमच्या झोपेतून मुलं काय शिकतात ते दाखवा. नाहीतर आम्हाला दुसरी मुख्याध्यापिका शोधावी लागेल."

त्या संध्याकाळी चहा निवून गेला तरी ती कप धरून बसलेली. मग म्हणाली, "मी कधी झोपलेच नाही गं तिथे."

"म्हणजे?"

"डोळे मिटलेले, पण कान उघडेच. कोण काय बोलतंय, कोण जागेवरून उठलं, सगळं ऐकत असायची. तोंडानं भरवसा म्हणायचं आणि पाळत ठेवायची. तुझा दादा गेल्यापासून घरी तरी कुठे डोळा लागतो माझा? वाटलं होतं, तिथे लागेल."

शेजारच्याच खोलीत झोपते मी, पण हिने कधी कळू दिलं असेल तर शपथ!

"कुणाला सांगू नकोस बाई," मी म्हटलं. "नोकरी जाईल."

"पोरांना सांगणार. अध्यक्षांसमोरच."

अशी हट्टी! दादाही हिच्यापुढे हात टेकायचा.

शुक्रवारी अध्यक्ष मागच्या बाकावर कसेबसे गुडघे दुमडून बसले, शेजारी मी. वहिनीने उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. "मी तुम्हाला फसवलं. झोपेचं सोंग घेऊन तुमच्यावर लक्ष ठेवलं. माफ करा मला."

अध्यक्षांनी माझ्याकडे असं काही बघितलं, की म्हटलं, संपलं सगळं. तेवढ्यात पुढच्या बाकावरची एक पोर उठली. तिचं तोंड कधी बंद नसतं म्हणून आम्ही तिला रेडिओ म्हणतो.

"बाई, आम्हाला माहीत होतं."

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच. झोपलेलं माणूस असा श्वास नाही घेत. मी आजीजवळ झोपते ना, मला कळतं."

"मग गप्प का राहिलात?"

पोरगी जरा गोंधळली. "तुम्ही रोज दमलेल्या दिसता. आवाज नाही केला, तर कधीतरी खरंच झोप लागेल तुम्हाला, असं वाटलं."

वहिनी मटकन खुर्चीत बसली. मग तिने चष्मा काढला आणि हातांवर डोकं ठेवलं. पोरं आपापल्या उद्योगाला लागली. ऊन फळ्यापर्यंत गेलं, तिथेच रेंगाळलं. तिचे खांदे हळूहळू सैल पडले. आणि मग, अगं बाई, ती चक्क घोरायला लागली! चांगली मोठ्याने. एकही पोर हसलं नाही. माझ्या डोळ्यांना मात्र धारा लागल्या.

अध्यक्ष उठायला गेले तर बाक करकरला. सगळ्या माना गर्रकन मागे वळल्या. ते अर्धवट उभे राहून तसेच थिजले. मग वाकून त्यांनी बूट काढले, हातात घेतले आणि नुसत्या मोज्यांवर दाराबाहेर पडले.

मी मागोमाग गेले. "साहेब, मग या तासाचं काय ठरलं?"

"हळू बोला हो!" ते कुजबुजले. "जाग येईल त्यांना."