नवरदेवाची हवेची नळी

आमच्या दगड-पॉलिशच्या कारखान्यात त्याला सगळे नवरदेव म्हणत. काम सुटलं की आम्ही पिठात लोळल्यासारखे दिसायचो. तो मात्र लग्नाला निघाल्यासारखा. मशीन थांबलं की मास्क काढायचा, यंत्र साफ करायची हवेची नळी घ्यायचा आणि केसांपासून बुटांपर्यंत स्वतःवर झोत मारायचा. बायकोला दमा होता. घरात धुळीचा कण न्यायचा नाही, हा त्याचा नेम.

पुढे त्यालाच धाप लागू लागली. त्याच्या मशीनवर लेक उभी राहिली. वळणाचं पाणी वळणावर गेलं: कामाला चोख, आणि सुटल्यावर नळी हातात.

छातीचा फोटो काढला तेव्हा ती सोबत होती. डॉक्टरबाईंनी विचारलं, "मास्क लावायचात?"

"दिवसभर. अंग झटकतानाच काढायचो."

"कशानं झटकायचात?"

त्यानं नळीचं सांगितलं, जरा ऐटीतच.

बाई म्हणाल्या, "म्हणजे कपड्यावरची बारीक धूळ उडवलीत आणि उघड्या नाकानं ओढलीत. छातीत बसली ती आता निघत नाही."

"उगाच काहीतरी," लेक पुटपुटली. "बाबांसारखा स्वच्छ माणूस नाही."

तो तिच्या स्वच्छ केसांकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी काम सुटायच्या वेळी तो कारखान्यात आला. खांद्यावर फरशी घेऊन जो चढ चढायचा, तोच भिंतीला धरून चढला. लेकीनं मास्क काढून नळी उचलली होती. त्यानं हवा बंद केली.

"बाबा, ही धूळ आईजवळ नेऊ?"

"नको नेऊ. ओल्या फडक्यानं पूस, कपडे इथंच बदल. मास्क शेवटी काढ."

"तुम्ही तर जन्मभर..."

"म्हणून तर चार शब्दांत दम लागतोय. माझं ऐकू नको हवं तर. माझ्याकडे बघ."

मी म्हणालो, "नवरदेव, लेकीला आमच्या पंगतीत बसवता होय?"

"बसू दे. श्वास तर घेईल."

 तिनं फणकाऱ्यानं मास्क चढवला, बादलीत फडकं बुडवलं. कपाळावर, मानेवर चिखलाचे पट्टे उठले.

"झालं समाधान?"

तो फरशीच्या थप्पीवर टेकला होता. दम जुळवून म्हणाला, "कानामागं राहिलंय."

तिनं फडकं पुन्हा पिळलं.