दोन मिलिमीटर जाड

पंढरीचं अर्धं आयुष्य लोखंडाखाली उताणं पडून गेलं. पुलाचा पोलादी डेक म्हणजे वरून गाड्या जायला सपाट प्लेट आणि तिच्या पोटाला जोडलेल्या फासळ्या. त्या फासळ्या वेल्डिंगनं जोडणं हे त्याचं काम, आणि मजुरी वेल्डिंगच्या मीटरवर. आपल्या बेला गावचे सहा जण त्यानं आदिलाबादजवळच्या, पुलांचे भाग बनवणाऱ्या या यार्डात आणले होते. त्यातलाच एक अमर, त्याच्या बहिणीचा मुलगा, दोन लेकरांचा बाप.

यंदा हायवेच्या पुलाचं काम हातचं जायची वेळ आली. यार्डानं कामासाठी भरलेला दर इतरांपेक्षा चढा निघाला होता. दर उतरला नाही तर यार्डाला कुलूप, असं मालक केशवरावांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. पंढरीला एकच घोर लागला. बेल्याला कोणत्या तोंडानं जायचं?

डिझाइनच्या सुनयना मॅडम रोज लोखंडाचं वजन कमी करत होत्या. प्लेट बारा मिलिमीटरची, पातळ. पातळ म्हणून फासळ्या दाट. शिकलेल्या माणसाला लोखंड वजनकाट्यावर दिसतं, त्याखाली घामाघूम होणारा माणूस दिसत नाही, त्याला कोण काय करणार! शेवटी न राहवून पंढरी त्यांच्या टेबलाशी गेला.

"मॅडम, लोखंड काऊन वाचवून राह्यले तुमी? प्लेट आनखी दोन मिलिमीटर जाड घ्या. फासळ्या दूर दूर बसतीन. खरा खर्च लोखंडात नाही, जोडण्यात हाय."

मॅडमनी चार दिवस सगळी गणितं नव्यानं मांडली. मजबुतीला धक्का नव्हता. लोखंड थोडंसं वाढलं, वेल्डिंग जवळजवळ निम्म्यावर आलं. दर खाली आला आणि काम यार्डाला मिळालं.

त्या दिवशी पोरांनी पंढरीच्या अंगावर शेला घातला, हातात नारळ दिला. केशवरावांनी तोंडभरून कौतुक केलं. टाळ्या थांबल्यावर अमरनं सहज विचारलं, "मामा, मंग आपल्या वाट्याले किती मीटर आले?"

इतके दिवस पंढरीनं यार्डाचा खर्च मोजला होता. तो खर्च म्हणजे आपलीच माणसं, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. "अर्धे," तो कसाबसा म्हणाला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

केशवरावांनी मग मोठ्या मायेनं सांगितलं की सहातले तीनच ठेवता येतील, आणि कोणते ते पंढरीनंच ठरवावं. त्याच्याइतकं काम कोणाला कळतं?

अमर पुढे आला.

"जानाऱ्यांत पयलं माह्यं नाव घ्या, मामा. नाहीतर बाकीचे म्हनतीन, भाच्याले वाचवलं."

पंढरीनं पहिलं नाव त्याचंच घेतलं.