डाव्या कानाची करवली

माझ्या मैत्रिणीला डाव्या कानाने अजिबात ऐकू येत नव्हतं. लहानपणी गालफुगी झाली, त्यात तो कान गेला. वाईत आमच्या आळीत हे सगळ्यांना माहीत होतं, पण लग्न ठरवताना तिच्या घरच्यांनी ते सांगितलं नाही. मुलगा फौजेत होता, घर कवठे महांकाळच्या पुढे, चार एकर द्राक्षबाग. अशी स्थळं रोज येत नाहीत, असं तिची आई म्हणायची.

लग्नाच्या महिनाभर आधी तिची आई आमच्या घरी आली. म्हणाली, पोरीला सख्खी बहीण नाही. करवली तूच आणि सासरी पाठराखीण म्हणून जायचंस तेही तूच. फक्त तिची डावी बाजू सोडायची नाही. कुणी त्या बाजूने बोललं की कोपर दाबायचं आणि काय म्हणाले ते हळूच सांगायचं. एकदा पोर रुळली की आम्हीच बोलू त्यांच्याशी.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. शाळेत दहा वर्षं मी हेच करत आले होते. उलट अभिमानच वाटला.

लग्न वाईतच झालं. मी हातात कऱ्हा घेऊन तिच्या मागे उभी होते. भटजी, मामा, नवऱ्याकडच्या म्हाताऱ्या, कुणीही डावीकडून बोललं तरी माझं बोट तिच्या कोपरावर जायचं आणि ती वळून गोड हसायची. कुणाला शंका आली नाही.

जेवणं झाल्यावर ती साडी बदलायला खोलीत गेली. मी गजरा घेऊन दारापर्यंत पोचले तर आत तिच्या मावसबहिणी होत्या. एकीने विचारलं, प्रत्येक फोटोत त्या दातवालीला कशाला शेजारी घेतेस? माझे वरचे दात पुढे आहेत. मैत्रीण हसत म्हणाली, "मला तिचे कान हवेत, तोंडाशी काय करायचंय? आणि ती शेजारी असली की मी जरा जास्तच बरी दिसते."

मी आत गेले. गजरा माळला. कशी दिसते म्हणून तिने विचारलं, मी छान म्हणाले. तेव्हा डोकं दुखतंय म्हणून घरी जाता आलं असतं. मी गेले नाही. तिच्याबरोबर गाडीत बसले.

दुसऱ्या दिवशी सासरी सत्यनारायण झाला. पूजेनंतर बायका सोप्यात बसल्या होत्या. सासू, वाळकी, कमी बोलणारी बाई, आतून एक हिरवी साडी घेऊन आली आणि सुनेच्या डाव्या बाजूला टेकली. साडी तिच्या मांडीवर ठेवून अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "माझ्या लेकीची हाय. दोन वर्सं झाली तिला जाऊन. घडी मोडायचीच ऱ्हाऊन गेली. तू नेसशील का?"

मी सासूच्या मागेच होते. मला शब्द न् शब्द ऐकू आला. हात लांब केला असता तर कोपर लागलं असतं. मी तो मांडीवरच ठेवला.

मैत्रिणीने साडी बघितली आणि लाडात येऊन म्हणाली, "छान आहे, पण हिरवा मला शोभत नाही हो आई. दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाका."

सासूने साडी उचलली, पदराने पुसली आणि आत गेली.

मोठ्या जावेला मात्र काहीतरी खटकलं. दुपारी स्वयंपाकघरात ती मैत्रिणीच्या डावीकडे उभी राहिली आणि हळूच म्हणाली, भाकरी करपली. भाकरी करपली नव्हती. मैत्रीण थापत राहिली. मग जाऊ म्हणाली, "ए भैरे." उत्तर नाही. पुन्हा म्हणाली. बाकीच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. त्यांना हसताना बघून काहीतरी गंमत झाली असेल असं समजून मैत्रीणही हसली. आणि तिच्याकडे बघत मीही हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या आईवडिलांना बोलावून घेतलं. सासू एवढंच म्हणाली, "आमाला फसवलंसा." बाकीचं जाऊ आणि चुलतसासरे बोलले. दारात शेजारी उभे होते. वडिलांनी टोपी काढून हात जोडले. नवरा खुर्चीत मोबाईल चाळत बसला होता, त्याने मान वर केली नाही. तिच्या आईने सगळ्यांसमोर मला विचारलं, तू तिथंच होतीस ना? मी म्हणाले, मला वाटलं तिला ऐकू गेलं.

शेवटी सासूच म्हणाली, ऱ्हाऊ दे, माघारी धाडली तर आमचीच शोभा. म्हणून ती राहिली. मी तिच्या आईवडिलांच्या गाडीतून परत निघाले. ते वाईलाच चालले होते, तरी साताऱ्याच्या स्टँडवर त्यांनी मला उतरवलं.

वर्षभराने ती बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा घाटावर भेटली. पोट पुढे आलेलं, चेहरा सुकलेला. तिथे सगळे तिला भैरीच म्हणतात, नवऱ्याची भाचरंसुद्धा, असं तिने सांगितलं. आणि नवऱ्याला कानाचं आधीपासून ठाऊक होतं. साखरपुड्याआधी तिनेच फोनवर सांगितलं होतं. वडील हात जोडत होते तेव्हा तो का बोलला नाही, असं तिने नंतर विचारलं, तर म्हणाला, आईला कुठं अंगावर घेऊ?

मग मीही दाराआडून ऐकलेलं तिला सांगितलं. तिला आठवेना.

"म्हणाले असेन," ती म्हणाली. "पण तू तरी माझ्या तोंडावर हसलीस."

तिने पायऱ्यांकडे बघत माझ्या लग्नाचं विचारलं. जमत नाही म्हटल्यावर म्हणाली, जावेचा भाऊ आहे, बिजवर, दोन पोरं आहेत, त्यांना दिसण्याचं काही नाही. सांगू का?

ती मनापासून विचारत होती की मला टोचत होती, ते मला आजही ठरवता आलेलं नाही. मी नको म्हणाले. ती उठली, कठड्याला धरून सावकाश पायऱ्या चढली आणि गेली. मुलगा झाल्याचं मला दुसऱ्यांकडून कळलं. बारशाचं बोलावणं आमचं घर सोडून आळीत सगळ्यांना होतं.