कर्क राशीचे भविष्य

आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या स्नेहभोजनाचं एक आहे. भाषण कुणाच्या लक्षात राहत नाही, किस्से मात्र दरवर्षी दोन-चारनं वाढतात! सत्तर-ऐंशीच्या दशकांत दर दिवाळीच्या सुट्टीत आम्ही भंडाऱ्याला जुन्या शाळेत जमायचो. पण मनोहर बोलायला आला त्या वर्षीसारखं पीक पुन्हा कधी आलं नाही. त्यातल्या पहिल्याच किश्श्याला मी जबाबदार, म्हणून मीच सांगतो.

मनोहर आमच्या वर्गातला. मुंबईला डॉक्टर झाला, कॅन्सरवर संशोधन करायचा. त्यानं पत्रानं विषय कळवला, 'कर्करोग संशोधनाचे भवितव्य'. बोर्ड रंगवून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. मी जवाहरनगरच्या फॅक्टरीत नोकरीला. आमची बस पेंटरच्या दुकानासमोरून जायची. मी खिडकीतून ओरडून विषय सांगितला, अन् बस निघून गेली.

कार्यक्रमाच्या दिवशी फाटकावर बोर्ड झळकला, 'कर्क राशीचे भविष्य. वक्ते: डॉ. मनोहर, मुंबई.'

मी पेंटरला धरलं. तो म्हणाला, "साहेब, सनासुदीले रोगाचा बोर्ड कोन लावते? मले वाटलं रासच असन!"

पण त्या बोर्डानं गर्दी झाली! शाळेशी काडीचा संबंध नसलेली माणसं पहिल्या रांगेत येऊन बसली. आंबागडहून आलेले एक म्हातारबाबा मनोहरला म्हणाले, "डॉक्टरसाहेब, माही रास कर्क हाये. पुढचं साल कसं हाये?"

 मनोहर त्यांच्या कानावर खोचलेली बिडी हळूच काढून घेत म्हणाला, "हे सोडली तं लय चांगलं हाये!"

*

भाषण सुरू झालं. मनोहरनं मुंबईहून स्लाइड्सचा डबा आणला होता. तिसरी स्लाइड पडद्यावर आली अन् लाइन गेली! गॅसबत्ती आणली, पण गॅसबत्तीवर प्रोजेक्टर काय चालणार? मनोहर तोंडीच 'पेशी, पेशी' करायला लागला. समोर लोक एकमेकांकडे बघायला लागले.

शेवटी डोमा उठला. डोमा आसगावचा, धानाची शेती करायचा. आमच्या बॅचमधला सगळ्यात बडबड्या माणूस. वर्गात त्याची जागा बाकावर कमी अन् बाकाबाहेर जास्त.

"मन्या, मले काहीच समजून नाही राहिलं. नीट सांग."

"आपल्याच शरीरातली पेशी असते रे. दिसायला बाकीच्यांसारखीच. पण बिघडलेली असते, अन् वाढतच जाते."

"मंग असं बोल ना! आमच्या शेताच्या बांधीत धानासारखंच रानटी धान निंगते. निंदनाच्या वक्ती वळखूच येत नाही. लोंब आल्यावर समजते. तवापर्यंत त्यानं बांधी खाल्ली असते!"

मनोहर टेबलाला टेकला. म्हणाला, "डोमा, भवितव्य म्हणतात ते हेच. निंदणाच्या वेळीच ओळखता आलं पाहिजे. जगभर लोक त्याच्याच मागे आहेत."

डोमा आमच्याकडे वळला. "समजलं का? ज्याले नाही समजलं त्यानं मले इचारा!"

*

प्रश्नोत्तरांत मी उगाच तोंड उघडलं. म्हटलं, "आमच्या फॅक्टरीत दारूगोळ्याचं काम. काडीपेटी गेटवरच काढून ठेवतात. म्हणून आम्ही बिडी सोडून तंबाखू-चुना धरला. हे बरं ना?"

मनोहर म्हणाला, "म्हणजे स्फोट फॅक्टरीत नको, तोंडात चालेल!"

*

आभाराला गोविंदा उभा राहिला. गोविंदा किराण्याचा व्यापारी, माजी विद्यार्थी मंडळाचा उपाध्यक्ष. त्याला भाषण समजलं नव्हतं, पण भारावून गेला होता. म्हणाला, "कॅन्सरचं भवितव्य उज्ज्वल आहे, हे ऐकून आम्हा सर्वांना अत्यानंद झाला!"

टाळ्यासुद्धा पडल्या हो!

मनोहर पुन्हा उठून म्हणाला, "गोविंदा खरं तेच बोलला. शाळेपासून बस स्टँडपर्यंत मी पानठेले पाहत आलो. लय उज्ज्वल आहे!"

*

पाटपाणी होईपर्यंत मनोहर अन् मी शाळा पाहायला निघालो. नववीत असताना विहिरीमागे बिडी ओढताना त्याला हटवार सरांनी पकडलं होतं, अन् हातावर सहा छड्या दिल्या होत्या. तीच जागा बघू म्हणून गेलो, तर तिथून धूर येऊन राहिला होता. जाऊन बघतो तो, रिटायर झालेले हटवार सर बिडी ओढत उभे!

कोण कुणाला घाबरलं, देव जाणे. मनोहर डॉक्टर असूनही दोन पावलं मागे सरकला. मग घसा खाकरून म्हणाला, "सर, हात पुढे करा."

सरांनी बिडी टाकली अन् मुकाट्यानं हात पुढे केला!

मनोहरनं तो हात दोन्ही हातांत धरला, कपाळाला लावला, अन् सरांना जेवायला घेऊन गेला.

*

पंगतीत वांग्याची भाजी झणझणीत झाली होती. समोरच बसलेला डोमा मात्र नुसता दही-भात खात होता.

मनोहरनं विचारलं, "काहून रे, भाजी नाही घेतली?"

"तोंड आलं हाये. तिखट सोसत नाही."

"कधीपासून?"

"पोळ्यापासून."

मनोहरनं हातातला घास खाली ठेवला. टॉर्च मागवला. म्हणाला, "तोंड उघड."

लोकांना वाटलं गंमत चालू आहे. मागून कुणीतरी ओरडलं, "डॉक्टरसाहेब, डोमाचं तोंड बंद करायचं औषध द्या, उघडायचं नको!" सगळे हसले. मनोहर हसला नाही. त्यानं जिभेची कड नीट पाहिली.

"परवा मी मुंबईला निघतो. तू माझ्यासोबत चाल."

"धान कापनीले आलं हाये, मन्या."

"धान हे सगळे कापतील."

आता असं म्हटल्यावर काय करता? डोमा भावाला घेऊन मुंबईला गेला. गोविंदानं दुकान बंद केलं, मी रजा टाकली, अन् आम्ही नऊ जण विळे घेऊन आसगावच्या बांधीत उतरलो. दुपारपर्यंत गोविंदानं स्वतःचं बोट कापलं, मी कापणीपेक्षा तुडवण जास्त केली.

डोमाची बायको शेताच्या धुऱ्यावर उभी राहून पाहत होती. आठवडाभर तिच्या डोळ्याचं पाणी खळलं नव्हतं. पण आम्हाला पाहून तिला हसू आलं. "भाऊजी, तुमी सावलीत बसा. तुमच्यापक्षा पाखरं बरी, पोटापुरतंच खातेत!"

*

ऑपरेशन झालं. जिभेचा एक तुकडा काढावा लागला, पण डोमा वाचला. मनोहरनं बजावून सांगितलं होतं, "बोलत राहा, सवयीनं शब्द सुधारतील." पण डोमानं बोलणंच सोडलं. शब्द वाकडे येत, त्याची त्याला लाज वाटे. घरात हातवारे, बाजारात मान हलवणे. बायको म्हणायची, "घर कसं मुकं झालं!"

पुढच्या दिवाळीला आम्ही त्याला ओढूनच आणलं. शेवटच्या रांगेत, खांबाआड बसला.

हटवार सरांनी जुनं हजेरीबुक उघडलं. त्या वर्षीपासून जेवणाआधी ते आमची हजेरी घ्यायला लागले. डोमाचा नंबर आला. डोमानं हात वर केला.

"हात नको. तोंडानं बोल."

 गोविंदा कुजबुजला, "सर, त्याचं ऑपरेशन..."

"तुला विचारलं?" सर म्हणाले.

डोमा उठला. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला.

"ऐकू नाही आलं."

पुन्हा, जरा मोठ्यानं.

"नाही आलं ऐकू!"

मला सरांचा असा राग आला, की उठून पुस्तक हिसकावून घ्यावं वाटलं. तेवढ्यात डोमाचं तोंड लालबुंद झालं, अन् तो असा गरजला की बाहेर भात वाढणारे आत धावत आले.

"हजर हावो ना, सर! बहिरे झाले का तुमी?"

शब्द वाकडे होते, पण एकूण एक समजले.

सरांनी शांतपणे खूण केली अन् पुढचा नंबर पुकारला. तो माझा होता. मी उठलो. तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना.

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, अन् माझी गैरहजेरी लावली.