बेबीकाकूची फटकी आणि भाऊंचे दात

ताडपत्री गव्हावर गेली होती, म्हणून बेबीकाकूच्या मिरच्यांखाली मी वाढदिवसाचा जुना फ्लेक्स अंथरला. मधोमध कुणी भाऊ, भोवती शुभेच्छुकांची मुंडकी, सगळ्यांचे दात बाहेर.

बेबीकाकू म्हणजे ओट्यावरून काकांना शिव्या देता देता अंगणातली फटकी, म्हणजे पांढरी पडलेली बाद मिरची, हेरणारी बाई. पण त्या दिवशी फ्लेक्सच्या तांबड्या अक्षरांत मिरच्या मिसळून गेल्या आणि फटक्या शुभेच्छुकांच्या दातांत जाऊन बसल्या. दोनदा तर काकू भाऊंची मिशीच उचलायला गेली. तरी पोतं भरलं आणि म्हसावदला रवाना झालं. लेक रुपाच्या सासरी पहिल्या वर्षाची मिरची. खोट निघाली तर टोमणे रुपाने जन्मभर खायचे.

निघालीच. विहीण मीनाबाईंचा फोन आला, "बेबीबाई, ही मिरचीमा फटकी शे, का फटकीमा मिरची?"

काकूने माझ्याकडे पाहिलं. मी फ्लेक्सकडे.

दुसऱ्या दिवशी एसटीत काकू, मी आणि काखेत गुंडाळलेले भाऊ. कंडक्टर म्हणाला, "प्रचारले का, मावशी?"

"सोयरीक वाचाडाले," काकू म्हणाली.

मीनाबाईंच्या अंगणात तिने फ्लेक्स अंथरला आणि त्यावर तेच पोतं ओतलं. "ल्या इहीनबाई, काढा फटकी."

"मी काय आंधयी शे का?" म्हणत मीनाबाई बसल्या. पहिलाच नेम धरला तो एका सरचिटणीसाच्या दातावर. नखाने खरवडला. निघेना. जावई हसला आणि आईची नजर पडताच बैल बघायला गेला.

मग काकूने घरातली काळी घोंगडी मागितली. त्याच मिरच्या तिच्यावर पसरल्या. खालची गर्दी गेली तशा लाल एकीकडे, पांढऱ्या एकीकडे, लग्नात वऱ्हाडं बसावीत तशा वेगळ्या दिसल्या. दोघी विहिणींनी मिळून चहा उकळेपर्यंत पोतं निवडलं.

"मिरची चांगली शे," मीनाबाई घोंगडीकडे बघत म्हणाल्या.

"आणि डोया?" काकूने स्वतःच्या डोळ्याकडे बोट दाखवत विचारलं.

"चहा ल्या."

तेव्हापासून टोमणा बंद आहे. पण 'तुन्हा डोया बी चांगला शे' एवढं विहीणबाईंकडून अजून यायचं आहे. काकू रुपाला फोनवर रोज विचारते, "बोलनी का?"

"नहीं वं, आई."