चार कट्टे म्हणजे शंभर

हे मी आजवर कुणापुढे तोंडातून काढलेलं नाही. नवऱ्यापुढे नाही, सख्ख्या बहिणीपुढे नाही. तुम्हाला सांगतेय — का, ते मलाही धड कळत नाही. मन हलकं करायचं म्हणून नाही, एवढं नक्की. मला राग आलाय. पाच वर्षं झाली, तो जात नाही, आणि ज्या बाईवर तो यायला हवा ती रोज सकाळी आरशात माझ्याकडे बघून केस विंचरते.

एका बाईला मी एका वाक्यात राहतं घर सोडायला लावलं. खोट्या वाक्यात. ते वाक्य सांगते. पण आधी पेटीबद्दल सांगावं लागेल — टाळतेय का मी? टाळतेय. थोडं टाळू द्या.

माझी मुलगी इरा चार वर्षांची झाली तेव्हा मी ठरवलं, हिला शाळेत घालायचं नाही. घरीच शिकवायचं. मी स्वतः डी.एड. झालेली, लग्नाआधी शाळेत शिकवलेलं. तोंडावर बोट ठेवून बसलेली चाळीस-चाळीस पोरं मी बघितली होती, त्यांच्या पाठीत बसणारे धपाटे बघितले होते. माझ्या पोरीला ते नको होतं. सासरचे हसले. नणंद म्हणाली, घरात बसवून कलेक्टर करणार काय तिला? मी म्हटलं, बघाच. आणि त्या "बघाच"ने घात केला. त्या दिवसापासून मी पोरीला शिकवत नव्हते, नणंदेला दाखवत होते.

तुम्ही कधी होमस्कूलिंगचा अभ्यासक्रम निवडलाय? निवडू नका. मी तीन महिने घातले त्यात. साडी घेताना, स्थळ बघताना मी इतका कीस पाडला नव्हता. एक अभ्यासक्रम गोष्टींतून शिकवणारा होता, त्यातल्या प्रत्येक गोष्टीत बर्फ पडायचा. सोलापुरातल्या पोरीला! इराने बर्फ बघितला होता तो रसवंतीत, पोत्यात गुंडाळलेला. दुसरा नुसत्या वर्कशीटांचा, गिरवा आणि रंगवा, रंगवा आणि गिरवा. तिसरा लाकडी साहित्याचा. खरखरीत अक्षरांच्या पाट्या, ठोकळे, दहा-दहा मण्यांच्या माळा, आणि आईसाठी वेगळं जाडजूड पुस्तक — कुठल्या दिवशी, कुठल्या वेळी, कुठल्या हाताने काय उचलायचं ते सगळं छापलेलं. मी तो घेतला. बेंगळुरूहून पेटी आली. मी ती उघडतानाचा व्हिडिओसुद्धा केला, आणि आमच्या आयांच्या ग्रुपवर टाकला. लाज वाटते आता सांगताना.

इराने त्या पेटीचं काय केलं? मणी मोरीत टाकले. ठोकळ्यांवर बाहुली झोपवली. दहाची माळ हातात दिली की ती तोंड फिरवायची. पुस्तकात लिहिलं होतं, मुलाची ओढ निर्माण होईपर्यंत वाट पाहा. मी वाट पाहिली आठ दिवस. नवव्या दिवशी तिच्या पाठीत धपाटा घातला. हो, मीच.

आता अक्का.

आमच्याच आवारात, बोअरच्या शेजारच्या एका खोलीत लक्ष्मीअक्का राहायची. तेलुगू बाई, साठीची. नवरा मागावर काम करायचा, तो गेल्यापासून एकटीच. विड्या वळायची. आमच्या पूर्व भागात घरोघरी बायका तेच करतात. दोन गल्ल्या सोडून विडीची ब्रँच, तिथून पानं-तंबाखू आणायची आणि वळलेल्या विड्या तिथंच नेऊन द्यायच्या. पंचवीस विड्यांचा एक कट्टा. असे चाळीस कट्टे झाले की हजार. अक्काला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण तिचा हिशोब मी कधी चुकलेला बघितला नाही.

दुपारी दोन तास माझं ऑनलाइन प्रशिक्षण असायचं — मुलांना कसं शिकवावं याचं! — आणि त्या वेळात इरा अक्काकडे. मीच पाठवायचे. एवढंच नाही. पेटीतल्या पुस्तकात लिहिलं होतं की दोरा गुंडाळणं, गाठ मारणं यानं मुलाची बोटं तयार होतात. मी अक्काला म्हटलं, तिला तुमच्याबरोबर दोरा बांधायला बसवा. अक्का म्हणाली, "नगो ताई, तंबाखूचं काम हाय हे. पापाला कशाला?" पापा म्हणजे तिच्या भाषेत लहान मुलगी. मी म्हटलं, काही होत नाही, पुस्तकात आहे.

हे वाक्य लक्षात ठेवा. मी म्हटलं होतं. मी.

मग अक्काने काय केलं, माहितीये? इरा यायच्या आधी ती तंबाखूचं सूप उचलून फळीवर ठेवायची, वरून फडकं टाकायची. साबणाने हात धुवायची, इराचे धुवायची. आणि कापून उरलेल्या पानांच्या तुकड्यांच्या रिकाम्या विड्या वळायची. आत काही नाही, नुसतं पान. त्यांना दोरा बांधायचं काम इराचं. त्या दोन तासांत अक्काची स्वतःची एक विडी होत नसे. ते ती नंतर लाईट लावून भरून काढायची. मला हे सगळं माहीत होतं. मी दारातून बघितलं होतं.

एक दिवस मी पुन्हा दहाची माळ काढली. इराने ती हातात घेतली, मोजली आणि परत दिली. म्हणाली, "आई, हा तर अर्धापण कट्टा नाय." मला आधी कळलंच नाही. मग मी पंचवीस काड्या ठेवल्या. आणि पोर सुटली! ओकटी, रेंडू, मूडू असं पाचपर्यंत तेलुगूत, पुढे मराठीत, पंचवीस झाले की थांबायची, दोरा बांधायची, पुन्हा एकपासून. चार कट्टे म्हणजे शंभर. तीन कट्टे आणि दोन कट्टे? सव्वाशे. पाच वर्षांची पोर! त्या पेटीला जे जमलं नाही ते अक्काशेजारी बसून झालं होतं.

आता मी काय करायला हवं होतं, सांगा? अक्काच्या पाया पडायला हवं होतं. निदान नाव तरी घ्यायला हवं होतं.

मी रंगीत कागदाच्या सुरळ्या केल्या. पंचवीस-पंचवीसच्या जुड्या लाल दोऱ्याने बांधल्या, छान उजेडात फोटो काढले आणि ग्रुपवर लिहिलं — माझ्या मुलीसाठी मी तयार केलेली पंचवीसची पद्धत. मी तयार केलेली! वाहवा झाली. कुणी विचारलं, हे सुचलं कसं? मी लिहिलं, मुलाचं नीट निरीक्षण केलं की सुचतं. ते वाक्य लोकांनी स्टेटसला ठेवलं. विडी वळणाऱ्या बाईकडून आलंय असं लिहिलं असतं तर ठेवलं असतं का कुणी? नसतं. मलाही ते ठाऊक होतं, म्हणून तर लिहिलं नाही.

मग ग्रुपमधल्या सहा जणी म्हणाल्या, आम्हाला प्रत्यक्ष बघायचंय. रविवारी सकाळी आल्या. त्यात एक डॉक्टर होत्या, आणि आमच्या आवाराच्या मालकांची सूनही होती. मी सतरंजी टाकली, सुरळ्या मांडल्या, इराला नवा फ्रॉक घातला. मी म्हटलं, इरा, शंभर करून दाखव.

इराने सुरळ्यांकडे बघितलंसुद्धा नाही. आत पळाली आणि खेळण्यांच्या डब्यातून तिचे खरे चार कट्टे घेऊन आली — अक्काने दिलेले. सतरंजीवर मांडले. "हे शंभर."

डॉक्टरबाईंनी एक कट्टा उचलला. नाकाशी नेला. पानाला वास होताच, अक्काच्या हाताला होता, तिच्या दोऱ्याच्या रिळाला होता. त्या म्हणाल्या, "या विड्या आहेत?"

आणि तेवढ्यात दारात अक्का. धुतलेली साडी नेसून, हातात शेंगापोळ्यांचं ताट. इराने तिला सांगितलं होतं की आज माझी परीक्षा आहे. ती पोरीची परीक्षा बघायला आली होती.

एक क्षण होता. मी काहीही म्हणू शकले असते. मी म्हणू शकले असते, हिने शिकवलंय, मी नाही. कट्ट्याचा दोरा ओढला असता तरी पुरे होतं. रिकामी पानं सतरंजीवर पडली असती, सगळ्यांनी बघितली असती. कट्टा डॉक्टरबाईंनी माझ्याच हातात दिला होता हो!

मी म्हटलं, "अक्का, तुम्ही माझ्या पोरीला विड्या वळायला बसवत होतात?"

हे ते वाक्य.

अक्काला पहिल्यांदा कळलंच नाही. ती हसत होती अजून. मग तिने माझ्या हाताकडे बघितलं, कट्ट्याकडे बघितलं. मी तिथं थांबले असते तर कदाचित — नाही, कदाचित वगैरे काही नाही. मी थांबले नाही. मी इराकडे वळले. मी तिला विचारलं, "अक्का तुला कामाला लावायची ना? लावायची ना? सांग सगळ्यांना." कसं विचारलं? ज्या आवाजानंतर धपाटा यायचा, त्या आवाजात. इराने माझ्याकडे बघितलं, अक्काकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं. आणि होकाराची मान हलवली.

अक्का एकच वाक्य बोलली. "पापाला मारू नका ओ ताई." ताट उंबऱ्याच्या आत ठेवलं आणि गेली.

पुढचं काय सांगू? मालकांच्या सुनेने घरी जाऊन सांगितलं. लहान पोरींना कामाला लावणारी बाई आवारात नको, असं मालक म्हणाले. आठ दिवसांत खोली खाली. आमच्या कितीतरी आधीपासून राहत होती ती तिथं. तिचा मुलगा कुंभारीच्या घरकुलात राहतो, तो टेम्पो घेऊन आला. इतकी वर्षं दोन गल्ल्यांवर असलेली ब्रँच तिला एकदम गावाबाहेरून गाठायची झाली, त्या वयात, डोक्यावर पाट्या घेऊन. टेम्पोत सामान चढत होतं तेव्हा मी कुठे होते? खिडकीच्या पडद्यामागे. इरा रडत होती, तिला मी आतल्या खोलीत टीव्ही लावून दिला होता.

आणि ग्रुपवर माझं कौतुक चाललं होतं. आई जागरूक असावी तर अशी! मी सगळ्यांना हात जोडलेलं चित्र पाठवलं. एकेकीला.

तुम्ही म्हणाल, तरी लहान मुलीला विडीच्या पानांजवळ बसवणं चूकच होतं. असेल. पण ती चूक करणारी कोण? नको म्हणाली कोण? तेव्हा माझ्या बाजूने बोलू नका. कृपा करून बोलू नका. मला त्याचाही राग येतो.

कुंभारी काय लांब आहे? स्कूटरवर अर्धा तास. पाच वर्षांत एकदाच त्या बाजूला गेले, घरकुलाच्या फाट्यापर्यंत. तिथल्या पंपावर पेट्रोल भरलं आणि परत आले. गाडीत पेट्रोल होतं आधीच.

होमस्कूलिंग मी दीड वर्षात गुंडाळलं. पेटी अर्ध्या किमतीत दुसरीच्या गळ्यात मारली. पंचवीसची पद्धत मात्र अजून फिरतेय. मागे कुणीतरी तिची नीट छापलेली पीडीएफ मलाच पाठवली. खाली माझं नाव होतं.

इरा आता दहा वर्षांची आहे, शाळेत जाते. गेल्या महिन्यात दिवाळीची आवराआवर चालली होती. तिने माझ्या कपाटाच्या खणात हात घातला आणि चार कट्टे बाहेर काढले. मी ते फेकले नव्हते. का नव्हते? विचारू नका. तिने एकाचा दोरा सोडला, एक विडी बोटांत धरून उलगडली. पान पार वाळलेलं, चुरा झाला. मग दुसरी उलगडली. मग तिसरी. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, यात तंबाखू नव्हतीच."

मी खणातले कपडे पुन्हा घडी घालू लागले.

मग तिने विचारलं, "तेव्हा मी हो म्हटलं होतं ना?"

पाच वर्षं ती हे घेऊन फिरत होती, आणि मला पत्ता नव्हता. तिथंच सांगायचं होतं — तू नाही बाळा, मी. मी तुझ्याकडून वदवून घेतलं. एवढंच वाक्य होतं. मी काय म्हणाले, माहितीये?

म्हणाले, "जाऊ दे गं. लहान होतीस तू."

जणू चूक तिचीच होती आणि मी ती पोटात घातली होती. तिने मान खाली घातली. उरलेल्या विड्या गोळा केल्या, मोजल्या, अक्काने शिकवलेल्या गाठीने बांधल्या. "आता बावीसच राहिल्या," म्हणाली, आणि कट्टा होता तिथं ठेवून दिला.